तेरा अळ्या

आभाळ तीन दिवसांपासून नुसतं तोंड फुगवून बसलं होतं. पडतही नव्हतं आणि उघडतही नव्हतं. खाली वावरात कापूस बोंडाबाहेर लोंबत होता, आणि अवकाळीचे चार शिंतोडे आले तरी पिवळा पडणार होता. वेचायला बाया मिळत नव्हत्या. गावातल्या निम्म्या बाया सकाळीच गाडीत बसून दुसऱ्या तालुक्यात जात, उरलेल्यांना आपापल्या वावराची घाई. त्यामुळे केळझरच्या अलीकडच्या त्या लहानशा गावात महादेवरावांच्या घरचे होते नव्हते ते सगळे हात कापसात उतरले होते. मुलगा प्रफुल, सून रक्षा, बायको मंदाबाई, आणि कामाला काम या सावडीने आलेली शेजारची शकुबाई. महादेवराव तेवढे घरी होते. त्यांचं रस्त्याला लागून किराणा दुकान होतं, आणि गिऱ्हाईक परत गेलं की त्यांना जावई रुसून गेल्यासारखं वाटे.

रक्षाच्या कमरेला बांधलेली ओटी कापसाने भरत आली होती. बोंडांच्या वाळल्या टोकांनी नखांच्या कडेची कातडी सोलून निघाली होती, पण तिचा जीव ओळीत नव्हता. वावराच्या कडेला धुऱ्यावरच्या बाभळीखाली पोत्यावर तिची अंजू पडली होती. सात वर्षांची पोर. उजवा गाल काल लिंबाएवढा सुजला होता, आज त्या बाजूचा डोळा मिटायला आला होता. सकाळपासून घोटभर दूध घेतलं होतं, तेही अर्धं फ्रॉकवर ओघळलं.

"अवो," रक्षा नवऱ्याला म्हणाली, "पोट्टीचं अंग तव्यावानी तापलं. मी तिले वर्ध्याले नेतो."

प्रफुलने मान वर केली नाही. "आज? आभाळ पाय जरा. हा वेचा निघू दे, मंग जाऊ."

"काल बी हेच म्हणलं तुमी."

"दुधाची दाढ हाय वं. आज ना उद्या पडूनच जाईन. अन् कीड तं तानबानं काढली ना? पाच निघाल्या. तूच तं पोट्टीले धरून बसली होती."

हे मात्र खरं होतं, आणि खरं होतं म्हणूनच झोंबलं.

पोळा झाल्यावर अंजूची दाढ पहिल्यांदा दुखली, तेव्हा महादेवरावांनी तानबाला बोलावलं होतं. तानबा म्हणजे पंचक्रोशीत दाताची कीड काढून देणारा म्हातारा. सत्तरी उलटलेला, कोणाशी वाकडं न बोलणारा. दुकानाच्या ओट्यावर त्याने पाण्याने भरलेली परात मांडली, परातीत वीट, विटेवर वखराच्या मोडक्या लोखंडी पासेचा लाल तापवलेला तुकडा. त्यावर तेलात कालवलेल्या काटेरी रिंगणीच्या बिया टाकल्या आणि वरून बुडाला भोक पाडलेलं मडकं पालथं घातलं. भोकात वेळूची नळी. नळीतून येणारा धूर अंजूने दाढेवर घ्यायचा. पोर ठसकून ठसकून रडत होती, आणि रक्षाने तिचं डोकं आपल्या दोन हातांत पक्कं धरून ठेवलं होतं. मडकं उचललं तेव्हा परातीतल्या पाण्यात पाच बारीक पांढऱ्या अळ्या तरंगत होत्या. धुराने गुंगून नळीतून खाली उतरतात, असं तानबा म्हणाला. सगळ्यांनी पाहिल्या. दाढही काही दिवस गप्प बसली.

"हिच्या आजीच्या तेरा निघाल्या होत्या," महादेवराव त्या दिवशी येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, घराण्याचा मान सांगावा तसे.

आणि त्याच संध्याकाळी त्यांनी अंजूचा गिलास वेगळा करायला सांगितला. मंदाबाईचा तर रक्षा लग्न होऊन आली त्याच्या आधीपासूनच वेगळा होता. घरातले सगळे गिलास फडताळात, आणि खिडकीच्या कोनाड्यात हा एकटा, खिळ्याने 'मं' कोरलेला. सासूबाईंचा काही नेम असेल, असं रक्षाला आधी वाटलं होतं. वर्षभराने कळलं की तोंडातून अळ्या निघालेल्या बाईचा उष्टा गिलास घरात फिरू नये म्हणून सासऱ्यांनीच तो बावीस वर्षांपूर्वी बाजूला काढला होता. आता त्याच्या शेजारी कोनाड्यात एक लहान प्लास्टिकचा आला. न बोललेला राग पोटात कसा आंबत जातो ते रक्षाला गेल्या तीन महिन्यांत कळलं होतं.

प्रफुल एक हिरवं बोंड तोडून नखाने उकलून पाहत होता. बोंडअळीची त्याला दहशत. वरून बोंड ठणठणीत आणि आत सगळा भुगा, हे त्याने मागच्या साली भोगलं होतं, म्हणून दर ओळीत चार-पाच बोंडं फोडून पाहिल्याशिवाय तो पुढे सरकत नसे.

रक्षाच्या डोक्यात तिडीक गेली.

"सकाळपासून बोंडं फोडू फोडू पाहून राह्यले," ती ओरडली. "पोट्टीचं तोंड उघडून एकदा तरी पाह्यलं का तुमी?"

शकुबाईचे हात थांबले. प्रफुलचा चेहरा उतरला, मग लाल झाला. "चार मानसांत बोलून राह्यली," तो दबक्या आवाजात म्हणाला. "बाबाले काय सांगू मी? काम टाकून गेली म्हणू?"

"सांगा. जे सांगाचं ते सांगा."

तिने कमरेची गाठ सोडली, ओटी ढिगावर रिकामी केली आणि बाभळीकडे निघाली. शेजारच्या ओळीत मंदाबाई होती. ती बाई बोलायची कमी, आणि बोलताना तोंडावर पदर धरायची, कारण तोंडात एकही दात उरला नव्हता. चाळिशी उलटली तसे एकेक करून सगळे काढून टाकले होते. भाकर ती वरणात भिजत घालून, सगळ्यांचं झाल्यावर, भिंतीकडे तोंड करून खात असे. आता तिने पदराआडून एवढंच म्हटलं, "जाय तू. तुही ओळ मी धरतो."

वर्ध्याच्या दातांच्या दवाखान्यात नंबर लागेपर्यंत दुपारचे दोन वाजले. रक्षाच्या साडीला कापसाचे तंतू आणि बोंडांचा कचरा चिकटलेला. बाकावर शेजारी बसलेली एक बाई जरा सरकली. सरकली ती सरकली, वर तिने बाजूला ठेवलेली पर्स उचलून मांडीवर घेतली. रक्षाने पाहिलं, आणि मुद्दाम कचरा झटकला नाही.

डॉक्टरीण तरुण होती. कोटावर यामिनी एवढं नाव वाचता येत होतं. तिने अंजूच्या तोंडात आरसा घातला आणि तिच्या कपाळाला आठ्या पडल्या.

"किती दिवसांपासून आहे हे?"

"पोळ्यापासून."

"पोळ्यापासून! आणि आत्ता आणता? आई आहात ना तुम्ही हिची?"

रक्षाने ओठ आवळले. "दुधाची दाढ हाय म्हून..."

"कोण म्हणालं दुधाची?"

"सगळेच म्हनते."

"ही दुधाची नाही. पक्की दाढ आहे. सहाव्या वर्षी येते, सगळ्या दुधाच्या दातांच्या मागे. हिला जागा द्यायला आधीचा कुठला दात पडत नाही, ती मुकाट्याने वर येते, म्हणून घरात कोणाला कळतच नाही. म्हातारपणापर्यंत हिच्यावर चावायचं. ही गेली की संपलं, दुसरी येत नाही."

तीन महिने रक्षा पोरीला सांगत होती, पडून जाईल गं, थोडं सोस.

डॉक्टरणीने एक रजिस्टर काढून पानं उलटली. "तुमच्या शाळेत आम्ही तपासणीला आलो होतो. हे बघा हिचं नाव. खालची उजवी दाढ, कीड, लगेच दाखवा. घरी चिठ्ठी दिली होती."

"कोनाच्या हातात देल्ली?"

"मुलीच्याच."

"सात वर्साच्या लेकराच्या हातात चिठ्ठी देल्ली, अन् मले इचारता आई हाव का म्हून?" रक्षाचा आवाज चढला. पलीकडच्या खुर्च्यांवरची माणसं उघड्या तोंडाने इकडे बघू लागली. "शाळेपासून माहं घर दोन मिंटं नाई. मास्तरजवळ माहा फोन नंबर हाय. तपासलं, फोटो काढले, अन् गेले निघून. इकडे लेकरू तीन महिने कण्हून राह्यलं, अन् मी त्याले गोळ्या देऊ देऊ निजवून राह्यलो. आता माह्यावर आवाज करता?"

डॉक्टरणीने रजिस्टर मिटून बाजूला ठेवलं. मग म्हणाली, "हो. चुकलंच ते आमचं."

कोणी इतकं सरळ कबूल केल्यावर भांडण पुढे कसं न्यावं ते रक्षाला कळेना. तिचा राग तसाच हातात राहिला.

डॉक्टरणीने दाढ उघडून पू काढला. अंजूने आईचं मनगट नखं रुतेपर्यंत धरलं, पण ती हलली नाही. चूळ भरायला कागदी गिलास दिला तर चूळ भरून झाल्यावर पोर म्हणाली, "हा गिलास फेकून द्या बरं. दुसऱ्याले देऊ नका."

"का गं?"

"माह्या तोंडात अळ्या हायत. घरी बी माहा अलग हाय."

डॉक्टरणीने हातमोजे काढले आणि रक्षाकडे पाहिलं. रक्षाने सगळं सांगितलं. तानबा, नळी, पाच अळ्या, कोनाडा. सांगताना तिची मान खाली गेली.

"ताई, दातात अळी नसते," डॉक्टरीण म्हणाली. "कधीच नसते. कीड हा नुसता म्हणायचा शब्द आहे. गोड दाताच्या खाचेत चिकटून राहतं, त्याचं आंबट होतं आणि ते दात पोखरतं. तुम्ही पाहिल्या त्या अळ्या नव्हत्या. रिंगणीचं बी तापलं की तडकतं आणि आतला कोंब उडून पाण्यात पडतो. नळीला तोंड लावा नाही तर नका लावू, निघतातच. माझ्या आजीच्याही अशाच काढल्या होत्या."

रक्षा पोरीच्या सुजलेल्या गालाकडे बघत राहिली.

मग डॉक्टरणीने दोन रस्ते सांगितले. आजची सूज उतरली की एका खेपेत दाढ काढून टाकायची, किंवा वाचवायची. वाचवायची तर आतलं मूळ अजून वाढतं आहे, त्याला औषध भरून सांभाळावं लागेल. आजचा धरून चार मंगळवार. "पण एक जरी खेप चुकली तर पुन्हा पू होईल. मग काढण्यावाचून इलाज नाही."

"काढली तं उंदीरमामाले देऊ," अंजू म्हणाली. तिचे पुढचे दोन दात पडले तेव्हा आजीने ते उंदराच्या बिळात टाकले होते आणि त्याच्याकडून नवे मागून घेतले होते. "थो नवी देईन ना?"

"हिच्या बदल्यात द्यायला उंदीरमामाकडे नाही गं."

"वाचवा," रक्षा म्हणाली. घरच्यांना विचारते वगैरे काही म्हणाली नाही.

डावीकडची तशीच दाढ अजून धड होती, नुसत्या वरच्या खाचा काळवंडायला लागल्या होत्या. त्या डॉक्टरणीने दहा मिनिटांत भरून बंद केल्या. एवढंच काम होतं. उजवीचंही एवढंच झालं असतं, वेळेवर कोणी तोंड उघडून पाहिलं असतं तर. निघताना तिने सांगितलं, "रात्री जेवण झाल्यावर दात घासायचे, आणि तुम्ही स्वतः घासून द्यायचे. हिचा हात मागच्या दाढेपर्यंत पोचत नाही. घासले की मग पाण्याशिवाय काही नाही. आणि गालात गोळी ठेवून झोपवू नका."

शेवटचं वाक्य ऐकून रक्षाने नजर चुकवली. रोज दुपारी बाभळीखाली पोरीच्या गालात गोळी ठेवून, "चूप नीज" म्हणून, ती स्वतःच ओळीला लागत होती.

संध्याकाळी ती परतली तेव्हा महादेवराव दुकानात साखर मोजत होते. समोरच्या बाईला द्यायला सुट्टा रुपया नव्हता म्हणून त्यांनी बरणीतून एक गोळी काढून तिच्या हातावर ठेवली, आणि सवयीने दुसरी काढून अंजूपुढे धरली. शाळा सुटली की नातीला शेजारी बसवून दर गिऱ्हाइकामागे एक गोळी, हा त्यांचा लाड होता. रक्षाने ती गोळी त्यांच्या हातातून घेऊन परत बरणीत टाकली.

"मामाजी, शाळेतून हिची चिठ्ठी आली होती?"

"आली होती ना." दुकानाच्या खांबाला जुन्या पावत्या टोचायची तार होती. त्यांनी तीतून चाळून एक पिवळट चिठ्ठी काढून दिली. लपवाछपवी काहीच नव्हती. "हे काय लिहिलं, वाच. कीड. चिठ्ठी वाचली अन् दुसऱ्याच दिवशी मी तानबाले निरोप धाडला. कीड हाय म्हणलं, कीड काढून घेतली. मी काय घरात बसून राह्यलो?"

रक्षा चिठ्ठीकडे बघत राहिली. म्हातारा खोटं बोलत नव्हता. नातीवर त्याचा जीव होता, आणि शब्द जसा वाचला तसा त्याने पाळला होता. हेच तर संतापजनक होतं. वाईट माणसाशी भांडता येतं, या भल्या माणसाचं काय करायचं?

तिने चार मंगळवारांचं सांगितलं, तसे महादेवराव हसले. सासष्टाव्या वर्षी त्यांचे बत्तीसच्या बत्तीस दात जागेवर होते. ऊस ते अजून दातांनीच सोलत, आणि त्या गुणाचं श्रेय स्वतःकडे घेत. "चार मंगळवार? आभाळ काय मंगळवारी सुट्टी घेते? एका दाढेसाठी एवढा बोभाटा. तुह्या सासूचे सगळे काढले, काय बिघडलं? जेवते का नाई?"

आतल्या दारात मंदाबाई उभी होती. तिने पदर तोंडावर ओढला आणि मागे झाली.

"बाबा म्हनते थे बी..." प्रफुलने सुरुवात केली आणि बायकोकडे पाहून वाक्य गिळलं.

"एखादी अळी मागं राह्यली असन," महादेवरावांनी निकाल दिला. "पुढच्या मंगळवारी तानबाले बोलावतो. त्याच्यानं नाई झालं तं देऊ काढून, एका खेपेत."

त्या दिवसापासून जेवणं झाली की रक्षा अंजूला मांडीवर आडवी घेऊन दात घासून देऊ लागली. "आ कर. मोठा आ." मंदाबाई भांडी विसळता विसळता ते बघत असे. एकदा तिने हळूच विचारलं, "दात राह्यले असते का वं माहे, असं कोनं केलं असतं तं?" रक्षाला उत्तर माहीत होतं. तिने दिलं नाही, कारण त्या उत्तराचं त्या बाईने आता करायचं काय होतं?

"आपलेच दात अन् आपलेच ओठ," मंदाबाई स्वतःशीच म्हणाली आणि गिलास कोनाड्यात ठेवला.

आभाळ तसंच कुंथत राहिलं, कापूस निघत राहिला. पण धुऱ्यावर रिंगणी भुईसरपट पसरली होती, काट्यांनी भरलेली, पिवळी फळं धरलेली. दुपारच्या सुट्टीत रक्षा ती फळं तोडत बसे. कापसाने फाटलेल्या बोटांत आणखी काटे जात. "खोकल्याले का वं?" शकुबाईने विचारलं. रक्षा "हाव" म्हणाली. फळं फोडून बिया तिने टिनावर वाळवल्या आणि पदराच्या टोकात गाठ मारून ठेवल्या. एकदा चुलीवर करून पाहावं असं तिला फार वाटे, पण चुलीपाशी एकांत कुठला? डॉक्टरणीच्या शब्दावर विसंबण्यापलीकडे तिच्यापाशी काही नव्हतं.

मंगळवारी बस साडेनवाची होती. आठ वाजताच तानबा ओट्यावर येऊन बसला. परात, वीट, मडकं, नळी, सगळं मांडून झालं. पासेचा तुकडा निखाऱ्यांत लाल होत होता. दूध, चहापत्ती घ्यायला आलेली माणसं रेंगाळली. वावरात जायला निघालेली शकुबाईही थांबली. कीड निघताना बघायला कोणाला आवडत नाही! आभाळ सकाळीच काळं झालं होतं, म्हणून मंदाबाई आणि प्रफुल कापसाच्या ओट्या घेऊन तयारच होते.

रक्षा बाहेर आली ती अंजूला फ्रॉक घालून, पिशवी खांद्याला लावून.

"बसव तिले इथं," महादेवराव म्हणाले. "धा मिंटाचं काम हाय. बसचं मंग पाहू."

"बसवतो," रक्षा म्हणाली. "पन आधी एक करू द्या. तानबाजी, सरका जरा."

तिने पदराची गाठ सोडली. बियांवर दुकानातल्या पिंपातलं तेल घातलं, चिमट्याने लाल तुकडा उचलून विटेवर ठेवला आणि त्यावर मूठ रिकामी केली. तेल तडतडलं, हाताला चटका बसला. तिने मडकं पालथं घातलं आणि नळी भोकात खोचली.

"पोरी, हा खेळ नोहे," तानबा म्हणाला. "लेकराले तं आन."

"कोनी तोंड लावाचं नाई," रक्षा म्हणाली. तिने अंजूला हात धरून ओट्याच्या पार टोकाला नेऊन उभं केलं. "समद्याईनं पाहा. नळीले कोनाचंच तोंड नाई."

धूर नळीतून निघून सरळ छपराला जाऊ लागला. काही निघालं नाही तर या गावात रक्षा पुन्हा तोंड वर करून बोलू शकणार नव्हती, आणि दाढ तर आजच गेली असती. आत काहीतरी टिचटिच वाजत होतं. तिने मनात पन्नास मोजले, आणखी पन्नास मोजले आणि मडकं उचललं.

परातीच्या पाण्यात बारीक, पांढऱ्या, वाकड्या अळ्या तरंगत होत्या.

शकुबाई गुडघ्यांवर हात ठेवून वाकली. "एक, दोन, तीन," तिने नऊपर्यंत मोजल्या आणि सरळ झाली. "अवो माय! ह्या तं छपराच्या दातातल्या दिसते."

कोणीतरी फिसकन हसलं. महादेवराव हसले नाहीत.

"सांगा मामाजी," रक्षा म्हणाली. "ह्या कोनाच्या हायत? माह्या लेकराचा गिलास तुमी कोनाच्या अळ्याईपायी अलग केला?"

महादेवरावांनी तानबाकडे पाहिलं. तानबा परातीकडे बघत होता, जणू पहिल्यांदाच पाहत असावा. "माह्या बापानं जसं शिकवलं तसं करत आलो भाऊ," तो म्हणाला. "मी बिगर तोंडाचं कधी करून नाई पाह्यलं."

तेवढ्यात मंदाबाई पुढे आली. दुकानाच्या ओट्यावर, गिऱ्हाइकांसमोर, ती कधी येत नसे. आणि तिच्या तोंडावर पदर नव्हता. बसलेले गाल, आत गेलेले ओठ, सगळं उजेडात होतं.

"तानबा, माह्या वक्ताले तेरा निघाल्या होत्या ना?"

"हाव वयनी."

"थ्या कोनाच्या होत्या?"

तानबाने मान खाली घातली. मंदाबाई वळून घरात गेली. बिचारी लाजून गेली, असं सगळ्यांना वाटलं. ती परत आली ती 'मं' कोरलेला गिलास घेऊन. महादेवरावांपुढे नुकताच आलेला चहा होता. तिने तो उचलला, आपल्या गिलासात ओतला, आपल्या पोकळ तोंडाने त्याचा एक घोट घेतला आणि गिलास त्यांच्यापुढे ठेवला.

"प्या."

"मंदा, लोक पाहून राह्यले."

"बावीस वर्स लोकाईनं पाह्यलंच. पावने आले, सोयरे आले, लेकाचं लगन झालं, सुनेनं येऊन पाह्यलं. मी माह्या घरात महारोग्यावानी पानी पेलो. अन् मले वाटे, माह्यातच घाण हाय. माह्या तोंडाची मलेच किळस ये." तिचा आवाज वर चढला नाही, उलट दर शब्दाला खाली उतरत गेला. "प्या. तुमी पेल्याबिगर मी वावरात पाय ठेवत नाई. भिजू द्या कापूस."

लांब कुठेतरी गडगडलं. महादेवरावांनी आभाळाकडे पाहिलं, मग मुलाकडे पाहिलं.

प्रफुलने खाकरून घसा साफ केला. "प्या बाबा," तो म्हणाला.

महादेवरावांनी गिलास उचलला. चहा थोडा धोतरावर सांडला. एक घोट घेऊन ते थांबले. मंदाबाई हलली नाही. मग त्यांनी तो सगळा पिऊन टाकला, गाळापर्यंत, बत्तीस दात आवळून, औषध प्यावं तसा.

मंदाबाईने त्यांच्या हातातून गिलास घेतला. विसळला नाही. तशीच आत गेली, आणि फडताळातल्या बाकीच्या गिलासांत तो ठेवल्याचा आवाज बाहेर ओट्यापर्यंत आला.

"आजी, माहा बी ठेवजो," अंजू ओरडली.

आतून दुसरा आवाज आला, हलका, प्लास्टिकचा.

मंदाबाई बाहेर येऊन कमरेला ओटी बांधू लागली. मग थांबली, दाराला टांगलेली आणखी एक ओटी काढली आणि नवऱ्याच्या मांडीवर टाकली. "सुनेची ओळ मोकळी हाय आज," ती म्हणाली. "दुकान बंद करा अन् या."

रक्षाचा राग गेला नव्हता. हातावर चटक्याचा फोड येत होता, आणि पोरीची दाढ अजून अर्धीच वाचली होती. महादेवराव मांडीवरच्या ओटीचं काय करतात ते बघायला ती थांबली नाही. तिने पिशवी खांद्यावर घेतली, अंजूचं मनगट धरलं आणि रस्त्याला लागली.

"हळू चाल ना माय," अंजू म्हणाली.

"चाल वं झपझप. बस चुकली तं दाढ जाईन."